प्राध्यापकाची संचिका कोणासाठी?

महाराष्ट्रातील कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयात स्थाननिश्चितीचे दिवस जवळ आले की प्राध्यापकांच्या खोलीतील टेबलांवर जाडजूड फायली दिसू लागतात. उद्बोधन वर्गाचे प्रमाणपत्र, उजळणी वर्गाचे प्रमाणपत्र, चर्चासत्रांतील उपस्थितीचे दाखले, शोधनिबंधांच्या छायाप्रती, वृक्षारोपणाची छायाचित्रे, समित्यांवरील नेमणुकीची पत्रे आणि ह्या प्रत्येक कागदावर प्राचार्यांची सही व शिक्का. अलीकडे छायाचित्रावर स्थळाचे अक्षांश-रेखांश उमटलेले असावेत, असाही दंडक आला आहे. फाईल किती जाड झाली, ह्यावर तिच्या धन्याचे समाधान अवलंबून असते. ह्या सबंध फायलीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधूनही सापडत नाही. ह्या प्राध्यापकाने वर्गात नेमके काय शिकविले, कसे शिकविले आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना काय येऊ लागले?

ज्या कामासाठी समाज प्राध्यापकाला वेतन देतो, त्या कामाचाच पुरावा त्याच्या फायलीत नसावा, ही विसंगती सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शिक्षणसंस्थांच्या कारभारात अध्यापनाला खरोखर कोणते मोल उरले आहे, हे तीत दिसते. आणि ह्या विसंगतीवरचा उपाय फार पूर्वी सापडलेला आहे, तो अध्यापकांच्याच एका संघटनेने शोधून काढला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

संघटनेच्या पोटी जन्मलेली कल्पना

कॅनडातील विद्यापीठीय अध्यापकांची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. १९७० नंतरच्या दशकात तिच्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. बढती आणि सेवेतील कायमपण ठरविताना विद्यापीठे प्रसिद्ध झालेले निबंध मोजत आणि अध्यापनाबद्दल एखाद-दुसरे मोघम वाक्य लिहून मोकळी होत. जो अध्यापक वर्षानुवर्षे जीव ओतून शिकवी, त्याच्या हाती दाखविण्याजोगे काहीच नसे. विद्यार्थ्यांनी भरलेल्या मतपत्रिका तेवढ्या असत आणि त्यांचा अर्थ वरिष्ठ आपल्या सोयीप्रमाणे लावीत. तेव्हा संघटनेने ठरविले की, आपल्या अध्यापनाची बाजू अध्यापकाने स्वतःच पुराव्यानिशी मांडावी. मॅकगिल विद्यापीठातील ब्रूस शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली एक मार्गदर्शिका संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केली. तीत अध्यापकाला आपल्या कामाच्या पुष्ट्यर्थ दाखविता येतील अशा सुमारे पन्नास बाबींची यादी होती. ह्या साऱ्या बाबी गोळा कराव्यात, असे मात्र तिचे सांगणे नव्हते. त्यांतून आपल्याला लागू पडतील त्या मोजक्या निवडून थोड्या पानांत मांडणी करावी, हा तिचा आग्रह होता.

हीच पुढे ‘टीचिंग पोर्टफोलिओ’ ह्या नावाने जगभर गेलेली कल्पना. आपण तिला अध्यापन-संचिका म्हणू. १९९० साली अर्नेस्ट बॉयर ह्यांच्या विद्वत्तेविषयीच्या गाजलेल्या अहवालाने अमेरिकेत संशोधनाबरोबर अध्यापनालाही विद्वत्कार्याचे स्थान द्यावे, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी पीटर सेल्डिन ह्यांचे अध्यापन-संचिकेवरील पुस्तक आले आणि अनेक अमेरिकन विद्यापीठांनी ती पद्धत उचलली. तथापि मूळ गोष्ट विसरता कामा नये. संचिका जन्माला आली ती अध्यापकाचे साधन म्हणून. वरिष्ठांनी आपल्याला कोणत्या मापाने मोजावे, हे निमूटपणे ऐकून घेण्याऐवजी आपल्या कामाचे वर्णन आपणच करण्याचा तो अधिकार होता.

संचिकेत काय असते?

चांगली संचिका आठ-दहा पानांचे निवेदन आणि त्याला जोडलेला निवडक पुरावा एवढीच असते. आपण कोणते विषय, कोणत्या वर्गांना, किती विद्यार्थ्यांना शिकवितो. त्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी कशी असते. त्यांना काय यावे असे आपल्याला वाटते आणि का. त्यासाठी आपण काय करतो. ते साधते की नाही हे आपल्याला कशावरून कळते. आणि न साधल्यास आपण काय बदलले, ह्या प्रश्नांची उत्तरे तीत असतात. सोबत अभ्यासक्रमाची आखणी, एखादी प्रश्नपत्रिका, तपासलेल्या काही उत्तरपत्रिका, वर्गात बसून गेलेल्या सहकाऱ्याचा अभिप्राय, एवढे कागद पुरतात.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मागणीची लवचिकता शिकवायची आहे, असे समजू. पुस्तकातील व्याख्या आणि आकृती विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत ती बिनचूक उतरवितात. पण ‘कांद्याचे पीक उदंड आले, की शेतकऱ्याच्या हाती येणारा एकूण पैसा अनेकदा घटतो, तो का?’ असा प्रश्न टाकला, की ज्यांच्या घरी कांद्याची चाळ आहे अशी मुलेही गप्प बसतात. व्याख्या पाठ होती, आकळली नव्हती, हे शिक्षकाच्या ध्यानात येते. पुढल्या वर्षी तो व्याख्येपासून सुरुवात करीत नाही. लासलगावच्या बाजार समितीतील रोजची आवक आणि भाव मुलांकडून महिनाभर टिपून घेतो, दोन आठवड्यांच्या उलाढालीची तुलना करायला लावतो आणि मग अलवचिक मागणी ही संज्ञा फळ्यावर लिहितो. भाव कोसळला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही, हे मुलांनी स्वतःच सांगितलेले असते. फळ्यावर येते ते त्या अनुभवाचे शास्त्रीय नाव.

आता ह्या शिक्षकाची संचिका कशी असेल? दोन्ही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्याच प्रश्नाची दोन चांगली, दोन मध्यम आणि दोन कच्ची उत्तरे, आणि काय बदलले व त्याने काय साधले किंवा साधले नाही ह्याचे एक पान. एवढ्या मोजक्या कागदांतून त्या शिक्षकाविषयी जे कळते, ते प्रमाणपत्रांच्या दोनशे पानांतून कळत नाही. कच्ची उत्तरे जोडण्याला ह्यात विशेष महत्त्व आहे. केवळ यशाचे नमुने लावलेली संचिका ही जाहिरात होते आणि जाणता वाचक ती जाहिरात म्हणूनच वाचतो.

आपल्याकडे काय झाले?

भारतात ह्या विचाराला वाव नव्हता, असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांच्या मूल्यमापनाची पद्धत खुली, सहभागाची आणि माहितीवर आधारलेली असावी, असे म्हटले होते. ह्या तीन विशेषणांपैकी प्रत्यक्षात आले ते तिसरे आणि तेही विपरीत अर्थाने. माहिती म्हणजे आकडे, असे समीकरण रूढ झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी ह्या समीकरणावर शिक्कामोर्तब केले. शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, म्हणजे स्टाफरूमच्या भाषेतील ‘एपीआय’, अवतरला. अध्यापनाच्या विभागाला वर्षाकाठी कमाल १२५ गुण आणि किमान ७५ गुण मिळविण्याची अट ठेवण्यात आली. तासांसाठी ५०, जादा तासांसाठी १०, पूर्वतयारी व पूरक साहित्यासाठी २०, नव्या अध्यापनपद्धतींसाठी २०, परीक्षेच्या कामासाठी २५. म्हणजे परीक्षेच्या पर्यवेक्षणादी कामांना नव्या अध्यापनपद्धतींहून अधिक गुण! आणि ह्या पद्धतींचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला, हे विचारणारा रकाना कोठेच नव्हता. संशोधनाच्या विभागातील प्रत्येक निबंधाला गुण असल्यामुळे निबंध छापून देणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी आयोगमान्य यादीतील १००९ नियतकालिकांची छाननी करून तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के किमान निकषांनाही उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली.

२०१८ च्या विनियमांनी गुणांचे हे जंजाळ काहीसे सोडविले, हे मान्य केले पाहिजे. पण अध्यापनाच्या मोजणीसाठी त्यांनी जे माप दिले, ते पाहण्यासारखे आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’, त्याहून कमी घेतले तर ‘असमाधानकारक’. वर्गात उभे राहणे म्हणजेच शिकविणे, अशी ही व्याख्या झाली. गिरणीच्या फाटकावरील हजेरीच्या कार्डाने कापडाची प्रत ठरवावी, तसा हा प्रकार.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांकांऐवजी ‘उल्लेखनीय योगदाना’ची नऊ क्षेत्रे सांगितली आणि त्यांपैकी किमान चारांत काम दाखवावे, असे सुचविले. आकड्यांकडून वर्णनाकडे वळण्याची ही इच्छा स्वागतार्ह होती. पण नवोपक्रमशील अध्यापन हे त्या नऊ क्षेत्रांपैकी केवळ एक होते. सल्लागारीतून मिळविलेला निधी किंवा नवउद्योग ही क्षेत्रेही त्याच पंगतीला बसविली होती. अध्यापनाचे क्षेत्र वगळूनही चाराची बेरीज पुरी करता यावी, अशी ही रचना शिक्षकी पेशासाठी सुचविली गेली, ह्यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

मापाची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटणार नाही. बँक ऑफ इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले. एखाद्या आकड्याचा उपयोग नियंत्रणासाठी होऊ लागला, की त्या आकड्याचे वस्तुस्थितीशी असलेले नाते ढळू लागते, हा त्याचा आशय. चलनपुरवठ्याबद्दल सांगितलेली ही गोष्ट चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांना तंतोतंत लागू पडते. प्रमाणपत्राला गुण मिळाले, म्हणून प्रमाणपत्रे वाढली. ज्ञान वाढल्याचा पुरावा नाही.

शिक्षणाच्या इतिहासात हा धडा त्याहूनही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित ह्यांतील परीक्षेचा निकाल ह्यांना बांधून टाकले. निरीक्षक येण्याआधी मुलांकडून धडे घोकून घेतले जाऊ लागले आणि ज्याला अनुदान नाही असा विषय मागे पडला. स्वतः शाळानिरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड ह्यांनी ह्या यांत्रिकतेवर सातत्याने टीका केली. निकालावर अनुदानाची ती पद्धत मुंबई इलाख्यातही येऊन गेली. इंग्लंडने तिचा त्याग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केला. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत तिचे पुनरुज्जीवन करताना आपण तिला आधुनिक व्यवस्थापनाचे नाव दिले, इतकेच.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाविषयीही असाच विवेक हवा. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. वर्गात आवाज ऐकू येतो की नाही, तास वेळेवर होतो की नाही, प्रश्न विचारण्याची भीती वाटते की नाही, हे त्यांच्याखेरीज दुसरे कोण सांगणार? परंतु विद्वत्तेची परीक्षा त्यांच्यावर सोपविणे धोक्याचे आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ असे नाव देऊन वैद्यकीय शिक्षकादी तज्ज्ञांपुढे उभे केले. विषय अवघड, भाषण निरर्थक, पण शैली मोठी आकर्षक! श्रोत्यांनी भरघोस अनुकूल अभिप्राय दिले. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. अनुभवी श्रोते फसतात, तेथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या मतांची सरासरी काढून कोणाच्या नोकरीचा निर्णय करावा काय? कॅनडातील टोरांटो शहरातील रायर्सन विद्यापीठ (२०२२ पासूनचे टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ) आणि तेथील अध्यापक संघटना ह्यांच्यातील वादात २०१८ साली लवादाने निर्णय दिला, की असे अभिप्राय बढती व कायमपणासाठी अध्यापनाच्या परिणामकारकतेचे माप म्हणून वापरता येणार नाहीत. अध्यापन पारखायचे तर अध्यापकाची संचिका काळजीपूर्वक वाचा आणि सहाध्यापकांनी प्रत्यक्ष वर्गात बसून पाहा, हा त्या निर्णयाचा रोख होता. संघटनेने रुजविलेल्या कल्पनेला चार दशकांनी मिळालेले हे फळ होय.

जे शिकवितात, त्यांची स्थिती

संचिकेची चर्चा करताना आणखी एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रत्यक्ष शिकवितो कोण? वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुणांकडून अध्यापनाचा मोठा भार उचलून घेतला जातो. नेट वा सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. झालेले हे स्त्री-पुरुष तासागणिक मानधनावर राबतात. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढील वर्षाची शाश्वती नाही, एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या गावची एस.टी. गाठायची, असा त्यांचा दिनक्रम. २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापकपदांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असे सांगितले होते. २०२५ च्या मसुद्यातून ती मर्यादाही गळाली.

ही केवळ आपली कहाणी नव्हे. अमेरिकेतील प्राध्यापक संघटनेच्या आकडेवारीनुसार तेथे १९८७ साली सुमारे ४७ टक्के अध्यापक कायमपणाच्या वाटेबाहेर होते. २०२१ साली त्यांचे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. तेथे अध्यापन-संचिका आता नोकरीच्या अर्जाबरोबर मागितली जाते. ज्यांना स्थैर्य नाही अशा तरुणांनी दर हंगामात आपल्या अध्यापनाचे तत्त्वज्ञान सुबक भाषेत लिहून दारोदार पाठवायचे आणि नकाराची वाट पाहायची! अध्यापकाचा अधिकार म्हणून जन्मलेली वस्तू बाजारातील स्पर्धेच्या हाती पडली, की ती आणखी एक विनामोबदला वेठ होते. जो शिक्षक उद्या काढून टाकला जाऊ शकतो, तो आपल्या संचिकेत कच्ची उत्तरे कशाला जोडील? प्रामाणिक संचिकेला सेवेच्या स्थैर्याची आवश्यकता असते, ती ह्यामुळेच.

आणि तरीही संचिकेची सर्वाधिक गरज आहे, ती ह्याच तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला. नियमित प्राध्यापकाच्या वेतनाइतके वेतन नसेल, तर आधीची सेवा पदोन्नतीसाठी धरता येत नाही, असा नियम आहे. तासिका मानधन त्या वेतनाच्या जवळपासही फिरकत नाही. म्हणजे एखाद्याने दहा वर्षे शेकडो मुलांना शिकविले, तरी शासनाच्या हिशेबी त्याने काहीच केलेले नसते. त्या दहा वर्षांच्या कामाची सुसंगत नोंद दुसरीकडे कोठेही नाही. ती त्याने स्वतः ठेवली आणि त्याच्या संघटनेने ती मान्य करून घेतली, तर अनुभव धरला जावा ह्या मागणीला पुराव्याचे बळ येईल.

आक्षेप आणि उत्तर

ह्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. प्रशासन म्हणेल, प्राध्यापकाने स्वतःच लिहिलेल्या निवेदनावर विश्वास कसा ठेवायचा? आकडा निदान निःपक्षपाती असतो. ह्याचे उत्तर असे, की आकडा भरणाराही प्राध्यापकच असतो आणि त्या आकड्यांचे काय होते, हे २०१० नंतरच्या वर्षांनी दाखवून दिले आहे. उलट प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका ह्यांच्याशी निवेदन ताडून पाहता येते. त्या विषयाच्या जाणकाराला खरे-खोटे दहा मिनिटांत कळते.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येईल आणि तो अधिक गंभीर आहे. नॅकचे कागद, ऑनलाइन रकाने, समित्यांची इतिवृत्ते ह्यांनी आधीच जीव मेटाकुटीस आला असताना आणखी एक फाईल कशाला? ह्या त्रासात तथ्य आहे. परंतु त्याबरोबर एक कटू सत्यही पाहिले पाहिजे. काही महाविद्यालयांत तास होत नाहीत, जुन्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवर वर्षे निभावली जातात आणि विद्यार्थी खासगी शिकवणीचा रस्ता धरतात, हे उघड गुपित आहे. अनुदानित प्राध्यापकाचे वेतन जनतेच्या करांतून येते. काडेपेटी विकत घेणारी शेतमजूर स्त्रीही तो कर भरते. तिच्या घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला काय शिकविले, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. संघटनांनी हा प्रश्न केवळ छळ म्हणून धुडकावला, तर त्याचे उत्तर देण्याचे काम कारकुनी यंत्रणेकडे जाते. एपीआयचे तेच झाले. वेतनश्रेणी आणि थकबाकी ह्यांसाठी परीक्षांवर बहिष्कार घालण्याइतकी ताकद ज्या संघटनांनी दाखविली, त्यांनी अध्यापनाचे मूल्यमापन कसे व्हावे ह्याचा स्वतःचा आराखडा तितक्याच जोराने पुढे ठेवला असता, तर चित्र निराळे दिसले असते.

काय करावे?

असा आराखडा फार गुंतागुंतीचा असण्याचे कारण नाही. संचिका दहा पानांची आणि जोडपत्रे वीस पानांची, ह्यापलीकडे एकही कागद स्वीकारू नये. त्यामुळे जाडीची स्पर्धा आपोआप थांबेल. उपस्थितीची प्रमाणपत्रे तीत लावण्यास मनाई असावी. ती वर्षातून एकदा अद्ययावत करावी आणि त्यासाठी लागणारा वेळ कार्यभारात धरावा. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्यास सोळा तास शिकवायचे असतात आणि एकूण चाळीस तासांचे काम अपेक्षित असते. त्या उरलेल्या तासांतून आज जे निरर्थक रकाने भरले जातात, त्यांतील निम्मे रद्द केले, तरी हा वेळ निघेल.

संचिका वाचणारे त्याच विषयाचे दोन अध्यापक असावेत, एक महाविद्यालयातला व एक बाहेरचा. त्यांनी वर्षातून किमान दोनदा वर्गात बसलेले असावे. त्यांचा अभिप्राय लेखी असावा आणि त्याला उत्तर देण्याचा अध्यापकाला हक्क असावा. संचिकेला गुण देऊ नयेत. गुण आले की सारे पुन्हा पहिल्या वळणावर येईल. तिच्यातील प्रांजळ नोंदी शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरता येणार नाहीत, अशी हमी विनियमातच हवी. मराठीतून शिकविणाऱ्याची संचिका मराठीतच लिहिलेली असावी आणि ती तशीच स्वीकारली जावी. मुले मराठीत विचार करतात आणि त्यांच्या शिक्षकाने त्याचा हिशेब मोडक्यातोडक्या इंग्रजीत द्यायचा, हा प्रकार थांबला पाहिजे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना संचिका ठेवण्याचा हक्क आणि तिच्यासाठी लागणाऱ्या वेळाचे मानधन मिळावे, व तिच्या आधारे त्यांची सेवा धरली जावी.

आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे. ज्यांची संमती असेल, त्यांच्या संचिका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. अर्थात विद्यार्थ्यांची नावे गाळूनच. कांद्याच्या भावावरून लवचिकता शिकविण्याची युक्ती एका शिक्षकाबरोबर निवृत्त होऊ नये. आज प्रत्येक नवा प्राध्यापक शून्यापासून आरंभ करतो आणि तीस वर्षांत जे कमावतो, ते निरोपसमारंभाच्या दिवशी घरी घेऊन जातो. अध्यापनाची अशी सामायिक पुंजी साठविण्याची व्यवस्था आपल्या उच्च शिक्षणात नाही, आणि ती निर्माण करण्यास कोट्यवधींचा निधी लागत नाही.

हे सारे शासन आपण होऊन करील, ही अपेक्षा भाबडी ठरेल. कॅनडातील संघटनेने सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहिली नव्हती. तिने मार्गदर्शिका छापली आणि सभासदांच्या हाती दिली. महाराष्ट्रातील प्राध्यापक संघटनांनी आपल्या येत्या अधिवेशनांच्या विषयपत्रिकेवर वेतन व थकबाकी ह्यांच्या जोडीने अध्यापन-संचिकेचा मराठी नमुना ठेवावा, तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना त्या चर्चेत बरोबरीचे स्थान द्यावे आणि नमुना संमत झाल्यावर तो विद्यापीठांच्या अधिसभांपुढे न्यावा. नवे विनियम पुढेमागे येणारच आहेत. त्यांत अध्यापनाची व्याख्या कोणाच्या हातची असावी, हे ठरविण्याची वेळ ते छापून आल्यानंतरची नाही, आताची आहे.